आमटी-भाकरी आणि येसकराची भाकरी

गावची आठवण येते, खोटं कशाला बोलू? आमचं आणे पठार म्हणजे पावसाच्या भरवशावरचं रान. पण रंगदासस्वामींच्या यात्रेला मोठाल्या कढयांत आमटी उकळते, भाकरी घराघरांतून येते. नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटतं.

आमच्या आजीला मात्र भाकरी म्हटलं की येसकरपाळी आठवायची. दिवसभर गावकीची कामं, मेलेलं ढोर ओढायचं, अन् सांजच्याला दारोदार 'भाकर वाढा, माय!' बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. वतन कायद्यानं सुटलं ते पार १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं!

आजी यात्रेची आमटी शिवायची नाही. "वाढलेलं लई खाल्लं," म्हणायची.

मी खातो. पंगतीत मधोमध बसून.