अभिजात साहित्यातील संघर्ष आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या अभिजात ठेव्यात आपला वाटा कोणता? घरी उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या नवी मुंबईतील आपल्या मुलांना मराठीचा पेपर परका वाटतो. रूपक, दृष्टांत, विरोधाभास यांच्या व्याख्या ती पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून मी आज दोन कृतींविषयी बोलणार आहे.

पहिली कृती पैठणच्या संत एकनाथांची (१५३३–१५९९), ‘हिंदू-तुर्क संवाद’. एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या आचारावर टीका करतात. टीका बोचरी आहे, तीत कोणाचीच गय केलेली नाही. संवाद हे येथील साहित्याचे साधन. उपदेशात एकच बाजू कानी पडते; संवादात मात्र लेखकाला दोन्ही पक्षांच्या तोंडी जोरकस मुद्दे घालावे लागतात. शेवटी दोघांचा समेट होतो. भांडण मनात दडपून सलोखा होत नाही, ते बोलून संपवावे लागते, हा अर्थ रचनेतूनच प्रकट होतो.

दुसरी कृती अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ हा सतराव्या शतकातील ओवीबद्ध ग्रंथ. नावच पाहा. योग म्हणजे जोडणे, संग्राम म्हणजे लढाई. जोडण्यासाठी लढाई, हा झाला विरोधाभास! ही लढाई माणसाची स्वतःच्याच विकारांशी आहे. अहंकार हा शत्रू. युद्धाची भाषा मनाला लावली, हे झाले रूपक. सुफी जिला नफ्सशी झुंज म्हणतात, तीच ही झुंज एका मुसलमान कवीने मराठीत मांडली. त्याच शतकात हुसेन अंबरखान यांनी गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही मराठी टीका लिहिली. गीतेचा आरंभही अर्जुनाच्या मनातील द्वंद्वानेच होतो, हे येथे आठवावे.

विद्यार्थी मित्रांनो, कोणतीही मोठी कृती वाचताना तीन प्रश्न विचारा. कोण कोणाशी झगडतो आहे? हरल्यास तो काय गमावणार आहे? आणि लेखकाने तो झगडा कोणत्या साधनाने दाखवला आहे? शेक्सपिअरच्या हॅम्लेटला सूड घ्यायचा आहे, पण मन हात आवरते. त्याची स्वगते म्हणजे त्याच्या मनातील कचेरीच होय. हे ध्यानात आले की स्वगताची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा संवाद वर्गात दोन मुलांकडून सादर करून घ्यावा आणि मध्येच भूमिका बदलावी. समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडून बोलून पाहिल्याशिवाय त्याचे मन कळत नाही. ज्या शहरात गावोगावची माणसे एकाच इमारतीत शेजारी राहतात, तेथे हे शिक्षण गुणपत्रिकेइतकेच मोलाचे आहे.

मराठी आपली नाही, असे कोणी म्हटले, किंवा आपल्याच मुलाच्या मनात तसे आले, तर त्याच्या हाती शेख महंमदांची ओवी ठेवावी. वाद घालण्याची गरज उरणार नाही.