कपाशीतील कोळी



कामगार चळवळीतल्या माणसाने कोळ्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण अमरावती-अकोल्याच्या कपाशीत राबणाऱ्यांची गणती करताना या आठ पायांच्या मजुराला आम्हांला वगळता येत नाही.

घरातला कोळी जाळे विणून वाट पाहतो. शेतातले कित्येक कोळी शिकारीसाठी जाळे विणीतच नाहीत. लांडगा कोळी जमिनीवर धावून भक्ष्य धरतो. त्याची मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडते आणि पिले निघाली की पाठीवर वागवते. दुसरे कोळी पानावर दबा धरून तुडतुडे, मावा खातात. क्वचित मित्रकीटकही त्यांच्या तोंडी जातो. तरी हिशेब शेतकऱ्याच्याच बाजूने राहतो.

विष मात्र शत्रू-मित्र ओळखीत नाही. कोळी मेले की किडी पुन्हा माजतात, मग फवारणीही वाढते. आणि पंप पाठीवर कोण घेतो? रोजमजूर! २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आधी पाने तपासावीत. सरासरीने पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसल्याखेरीज त्यांच्यासाठी पंप भरू नये. भरलाच, तर हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे मालकाने द्यावेत. वाऱ्याच्या विरुद्ध कोणाला उभे करू नये. कोळ्याची मजुरी कोणी मागत नाही. मजुराचा जीव मात्र आम्ही मागणारच.