गंगेवरचा वारा आणि शिडाची नाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



काशीतील मराठी विद्वानांच्या परंपरेवर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. परंतु त्या विषयाचा अधिकार माझ्यापाशी नाही. मी कला शाखेचा एक साधा पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर पाठविण्यात गेले. शास्त्री-पंडितांविषयी बोलू शकतील अशी मंडळी समोरच बसलेली आहेत. म्हणून मला अनुभवाने थोडाफार ठाऊक असलेला विषय मी मागून घेतला. तो म्हणजे गंगेवरचा वारा आणि त्या वाऱ्यावर चालणारी शिडाची नाव.

या विषयाला निमित्त झाले ते आमच्या एका स्नेह्यांचे. ते मुलाकडे परदेशी गेले असता चार मित्रांसह ग्रीसच्या बेटांभोवती शिडाच्या नौकेतून हिंडून आले, आणि परतल्यावर महिनाभर दुसरा विषय त्यांच्या तोंडी नव्हता. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील ईजियन समुद्रात उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो. त्याला तेथे मेल्टेमी म्हणतात. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तरीही वारा असा की लहान नौका कधी कधी दोन-दोन दिवस बंदरातच बांधून ठेवाव्या लागतात. मौज अशी की या वाऱ्याचे आपल्या पावसाशी नाते आहे. उन्हाळ्यात आशिया खंड तापून कमी दाबाचा जो विस्तीर्ण पट्टा तयार होतो, ज्याच्या ओढीने आपल्याकडे मोसमी पाऊस येतो, त्याचेच पश्चिमेकडील टोक तुर्कस्तानपर्यंत पोचलेले असते. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाबाकडून तिकडे धावणारी हवा म्हणजे हा मेल्टेमी. होमरच्या 'ओडिसी'त वाऱ्यांचा स्वामी इओलस हा ओडिसियसला सर्व प्रतिकूल वारे एका थैलीत बांधून देतो. मायभूमी दृष्टीच्या टप्प्यात आली असता सोबतीच कुतूहलाने ती थैली सोडतात आणि नौका पुन्हा दूर फेकली जाते. मित्रांना घेऊन नावेत बसणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचून ठेवावी.

स्नेह्यांचे वर्णन ऐकता ऐकता माझ्या मनात आले, की वाऱ्याची ही विद्या आपल्या दाराशीही होती, आणि आपण तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आपली गंगा काशीला उत्तरवाहिनी आहे, हे आपण संकल्पात आणि प्रवचनात नेहमी ऐकतो. मल्लाहाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. घाट पश्चिम तीरावर, समोर पूर्वेला रेती. चैत्र-वैशाखात दुपारी पछुआ, म्हणजे पश्चिमेचा वारा, सुटला की घाटाच्या उंच वाड्यांच्या आडोशाला तो जाणवतही नाही. पायरीशी पाणी स्थिर दिसते. नाव शंभर हात पुढे गेली की तो एकदम अंगावर येतो, आणि रेतीकडे जावे तसतशा लाटा वाढत जातात. जाणे सोपे, परतणे कठीण. पावसाळ्यात पुरवैया वाहू लागला म्हणजे नेमके उलट होते. लाटा थेट घाटाच्या पायऱ्यांवर आपटतात आणि बांधून ठेवलेल्या नावाच एकमेकींवर आदळून फुटण्याचे भय असते. सर्वांत अवघड वारा उत्तरेचा. प्रवाह उत्तरेकडे जात असता वारा समोरून आला की पाणी जणू उभे राहते. लाटा आखूड, उंच आणि लागोपाठ येतात.

कोकणात ज्यांचे मूळ घर आहे त्यांना येथे एक विरोध जाणवेल. कोकण किनाऱ्यावर पावसाळा म्हणजे होड्या शाकारून ठेवण्याचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर व्यवहार पुन्हा सुरू होतो. गंगेवरील शिडांचा हंगाम मात्र पावसाळ्याचाच होता. बंगालकडून वर येणाऱ्या मालाच्या नावांना पुरवैया हाच आधार. तो पडला की खलाशी काठावर उतरून लांब दोराने नाव ओढीत चालत. त्या दोराला येथे 'गुन' म्हणतात. कलकत्त्याहून काशीपर्यंत वर येण्यास अशा नावेला दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. १८८७ मध्ये राजघाटाजवळील रेल्वेचा पूल खुला झाला, ज्याला आज आपण मालवीय पूल म्हणतो. रेल्वेचे जाळे पसरत गेले तसा नदीवरचा माल आटत गेला.

ज्या घाटांचा आपल्याला अभिमान वाटतो, तो अहिल्याबाईंचा घाट, भोसले घाट, बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट, त्यांचा दगड चुनारचा. तो आला नदीतून, नावांवर. बांधविणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. दगड वाहून आणणाऱ्यांचे वंशज आजही त्याच घाटांवर नाव वल्हवितात, पण त्यांच्या आजा-पणजांचे नाव कोणत्या शिलालेखात आढळणार?

या नदीवर एक राजाही नावेमुळेच वाचला. १६ ऑगस्ट १७८१ रोजी वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला शिवाल्याच्या वाड्यात अटकेत ठेवले असता चकमक उडाली, आणि चेतसिंह पागोट्यांची गाठ मारून केलेल्या दोरावरून खिडकीतून उतरला व नावेने रामनगरला निसटला. ऑगस्टची गंगा कशी असते हे आपण दरवर्षी पाहतो. त्या पाण्यात नाव पलीकडे नेणाऱ्याचे धैर्य राजापेक्षा कमी होते, असे मला वाटत नाही. पुढे पाचच दिवसांत हेस्टिंग्जला स्वतःला चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. चेतसिंहाला अखेर आश्रय दिला तो आपल्या महादजी शिंद्यांनी. १८१० मध्ये तो ग्वाल्हेरलाच निवर्तला.

हा चुनार-काशी जलमार्ग एकदा तरी शिडाने करावा, असे आम्हा काही तरुणांच्या मनाने घेतले ते १९९६ च्या मे महिन्यात. आम्ही चौघे दुर्गाघाट-ब्रह्माघाटाचे. पाचवा माझा मामेभाऊ. तो हर्णैच्या बाजूचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही सगळेच त्याला दादा म्हणत असू. लहानपणापासून मचव्यावर वावरलेला. नाव आमच्या घाटावरील एका वृद्ध मल्लाहाची. त्यांना सारा घाट चाचा म्हणे. त्यांच्या नावेचे शीड म्हणजे चौकोनी, ठिगळांनी भरलेला जाड कापडाचा पडदा. आम्ही नदीच्या त्या भागात शिडावर चालणाऱ्या मोजक्याच नावा पाहिल्या. आमच्यापैकी दोघांना पोहता येत नव्हते, ही गोष्ट चाचांनी निघण्यापूर्वी विचारून घेतली आणि त्या दोघांना नावेच्या मध्यभागी बसविले.

सकाळ वल्हविण्यातच गेली. मे महिन्यातील गंगेला ओढ ती किती! दुपारी जेथे पात्र पूर्वेकडे वळते तेथे पछुआ पाठीमागून आला, शीड फुगले, आणि नाव जी निघाली ती पाहून आम्ही शहरी मंडळी अक्षरशः ओरडलो. दादा मात्र नावेचा तळ न्याहाळीत होता. "अरे, हिला खाली कणा नाही," तो मला म्हणाला, "ही वाऱ्याला आडवी जायची नाही." त्याचे निरीक्षण अचूक होते. समुद्रावरील होडीला खाली कणा असतो, तिचे शीड तिरपे असते, आणि वारा आडवा असला तरी, किंबहुना काहीसा समोरून असला तरी, ती नागमोडी मार्गाने पुढे जाते. गंगेवरची नाव सपाट बुडाची असते, कारण तिला वीतभर पाण्यावरून रेती ओलांडावी लागते. आडव्या वाऱ्यात ती बाजूला घसरते. पाठीमागचा वारा तेवढा तिचा.

चार वाजण्याच्या सुमारास वारा एकाएकी पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. पश्चिमेचे आकाश आधी पिवळसर आणि मग तपकिरी झाले. आम्हाला वाटले, आता वल्ही घ्यावी लागणार. चाचा सुकाण्यावरून ओरडले, "पाल गिरावा!" शीड उतरवून बांधेपर्यंत आंधी आली. समोरचा तीर नाहीसा झाला, तोंडात वाळू गेली, आणि नुसत्या डोलकाठीवर नाव पूर्वेच्या रेतीकडे ढकलली जाऊ लागली. चाचा तिला अडवीत नव्हते. उलट सुकाणू धरून तिकडेच नेत होते.

दादा उठून उभा राहिला. समुद्रावर वाढलेल्या माणसाला वाऱ्याखालच्या किनाऱ्याएवढे भय दुसरे नाही. तेथे लाटा होडीला खडकांवर आपटून तिच्या फळ्या करतात. म्हणून वादळात समुद्र जवळ करावा आणि किनारा सोडावा, हीच तेथील शिकवण. त्याने मला सांगितले, "त्यांना सांग, नाळ वाऱ्याकडे करा, वल्ही मारा आणि नांगर टाका." मी दुभाषा. आता, आम्हा काशीकरांना लहानपणापासून ठाऊक होता तो लंगर; नांगर म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे क्रमिक पुस्तकातला शेतकरी आणि त्याचे बैल उभे राहत! तरी अर्थ कळला आणि मी तो सांगितला. चाचांनी मान हलविली आणि पश्चिमेच्या उंच तीराकडे बोट दाखविले.

त्या बोटाचा अर्थ पुढच्या काही मिनिटांत उमगला. नाव रेतीला लागली, आम्ही कमरभर पाण्यात उड्या टाकल्या, जोर लावून तिला वर ओढली, लंगर वाळूत पुरला आणि उतरविलेले शीड पांघरून त्याखाली पालथे पडून राहिलो. वाळू सुयांसारखी टोचत होती. तेवढ्यात पलीकडून तोफेसारखा आवाज आला, मग दुसरा. लाटांनी पोखरलेल्या उंच तीराच्या दरडी पाण्यात कोसळत होत्या. त्यांना येथे 'अरार' म्हणतात. नदीच्या वळणात बाहेरचा तीर कापला जातो आणि आतल्या बाजूला रेती साचते, हे आपण भूगोलात शिकलो. आंधीत उंच तीराचा आडोसा घ्यावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तोच काळ असतो, आणि वाऱ्याखालची उघडी रेती हे आश्रयस्थान. समुद्रावर जे मरण, तेच नदीवर माहेर.

पाऊण तासाने चार टपोरे थेंब पडले आणि सारे शांत झाले. रात्र रेतीवरच काढावी लागली. दादा आणि चाचा शेजारी बसून होते. एकाला हिंदी जेमतेम, दुसऱ्याला मराठीचा गंध नाही. दादा एकेका वस्तूला हात लावून नाव सांगे आणि चाचा त्यांचे सांगत. शीड, पाल. डोलकाठी, मस्तूल. सुकाणू, पतवार. वल्हे, डांड. मी मधे बसून दोन्ही ऐकत होतो. डाव्या कानात पडणारे शब्द माझ्या घाटाचे होते आणि उजव्या कानातले माझ्या आजोळचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामनगर मागे टाकून आम्ही अस्सीला आलो, आणि तेथून एकेक घाट मागे पडत दुर्गाघाटाला लागलो. घरी जे स्वागत झाले त्याचे वर्णन येथे करीत नाही. ते करणाऱ्यांपैकी काही वडीलधारी मंडळी पहिल्या रांगेत बसलेली आहेत.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. यंत्राच्या नावा आधीच आल्या होत्या. त्या वाढत गेल्या. २०२१ पासून काशीत डिझेलची यंत्रे काढून सीएनजीची बसविण्यास आरंभ झाला. धूर आणि आवाज कमी झाला हे उत्तमच. हल्दिया ते प्रयागराज हा जलमार्ग १९८६ मध्येच राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झालेला आहे, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कलकत्त्याहून सोळा कंटेनर घेऊन एक जहाज रामनगरच्या धक्क्याला लागले. नदीवर पुन्हा माल येऊ लागला याचा मला आनंदच आहे. सरकारी नोकर म्हणून नव्हे, काशीकर म्हणून. यंत्र आले म्हणून अश्रू ढाळणाऱ्यांतला मी नाही. चाचांना विचारले असते तर त्यांनीही गुन ओढण्यापेक्षा यंत्रच पत्करले असते.

पण यंत्राला वारा विचारावा लागत नाही, आणि आंधी मात्र पूर्वीइतकीच येते. वारा पडल्यावर शीड का उतरवावे, अरार कोठे आहे, रेती कोणत्या वळणावर आहे, हे यंत्र चालविणाऱ्या मुलाला ठाऊक असेलच असे नाही. पूर वाढला की प्रशासन नावा बंद ठेवते, ती काळजी योग्यच. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत, म्हणजे धोक्याच्या पातळीच्याही अडीच मीटरहून अधिक वर चढले होते. ते वर्ष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. वैशाखातल्या अर्ध्या तासाच्या आंधीची वर्दी मात्र बहुधा आकाशच देते, आणि ती वाचावी लागते. आपल्या घरी येणारे पाहुणे हौसेने संध्याकाळी नावेत बसतात. त्यांना बसविताना नावेत किती माणसे आहेत आणि गळ्यात घालावयाची जाकिटे आहेत की नाहीत, एवढे तरी यजमानाने पाहावे. चाचा निदान पोहता येते का, हे विचारीत.

चाचा आज नाहीत. त्यांचा नातू सीएनजीची नाव चालवितो आणि आजोबांचे शीड त्याने टाकून दिलेले नाही. मी त्याच्याकडे बसून, आणि दादाला पत्रे पाठवून, नावेच्या अवयवांचे, वाऱ्यांचे आणि पाण्याच्या प्रकारांचे शब्द एका वहीत उतरविले आहेत. डावीकडे काशीच्या मल्लाहांचे, उजवीकडे कोकणातले. ही वही मंडळाच्या ग्रंथालयासाठी मी आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. उजवीकडची बरीच पाने अद्याप कोरी आहेत. आपल्यापैकी ज्यांची मूळ घरे रत्नागिरी, मालवण, अलिबागकडची आहेत, त्यांनी घरातल्या वृद्धांना विचारून ती आपल्या हस्ताक्षरात भरावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.