गरिबांची यादी कोणी करावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'शहरातील दारिद्र्य आणि स्थानिक स्वराज्य' असा. नाव भारदस्त आहे आणि विषय एका सभेत आटोपण्याजोगा नाही. तेव्हा त्यातला एकच धागा मी हाती घेणार आहे. शहरात गरीब कोण हे कोणी ठरवावयाचे, आणि त्यांच्यासाठी काय करावयाचे हे ठरत असताना पैशाची पेटी कोणाजवळ असावी, एवढेच मी बोलणार आहे.

आपल्याकडची नेहमीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. सरकार उत्पन्नाची एक रेषा आखते. मग कोणी कारकून किंवा शिक्षक वस्तीत जातो आणि विचारतो, "महिन्याचे उत्पन्न किती?" आता चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने यावर काय सांगावे? एका घरचे लोक दोन महिने गावी गेलेले असतात, दुसऱ्या घरी यंत्र आले म्हणून धुणे बंद झालेले असते, आणि नवऱ्याची मजुरी लागली तर लागली. उत्पन्न विचारले की खरे उत्तर कोणी देत नाही, आणि खोटे उत्तर कोणाला सिद्ध करता येत नाही. त्यामुळे ज्याची ओळख त्याचे नाव यादीत चढते.

या अडचणीवर एक चांगला तोडगा निघाला तो केरळातल्या आलप्पुळा या शहरात. आपण त्याला अलेप्पी म्हणून ओळखतो. कालव्यांचे, काथ्याच्या धंद्याचे हे गाव. कोचीचे बंदर वाढले तसे इथले बंदर मागे पडले, काथ्याचा धंदाही खालावला, आणि दोऱ्या वळणाऱ्या, चटया विणणाऱ्या बायांच्या घरची चूल अडखळू लागली. 1992 च्या सुमारास युनिसेफच्या साहाय्याने तिथे मुलांच्या पोषणाचे काम सुरू झाले. मदत कोणाच्या घरी आधी द्यावयाची हा प्रश्न आलाच. तेव्हा उत्पन्न विचारण्याचे त्यांनी सोडून दिले आणि नऊ साध्या गोष्टी पाहावयाच्या असे ठरवले. घर कच्चे आहे काय? पिण्याचे चांगले पाणी जवळ मिळते काय? संडास आहे काय? घरात कोणी प्रौढ माणूस निरक्षर आहे काय? मिळवते माणूस एकच, किंवा तेही नाही, असे आहे काय? दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे काय? पाच वर्षांखालील मूल आहे काय? दारूचे किंवा अन्य व्यसन कोणाला आहे काय? कुटुंब अनुसूचित जातीजमातींपैकी आहे काय? नवांपैकी चार गोष्टी लागू पडल्या की ते कुटुंब गरीब धरावयाचे.

यातली खुबी भगिनींच्या ध्यानात आली असेलच. ह्या नवांपैकी एकही गोष्ट शेजारणीपासून लपत नाही. नवरा पितो की नाही हे सांगावयास दाखला लागत नाही. म्हणून यादी करण्याचे कामही शेजारणींवरच सोपवले गेले. पंधरा ते चाळीस घरांतल्या एकेका बाईचा मिळून एक गट. मल्याळी भाषेत त्याला 'अयलकूट्टम' म्हणतात. शेजाऱ्यांचा मेळावा असा त्याचा अर्थ. गटाने आपल्यातून पाच जणींना निवडावयाचे: एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक आरोग्य पाहणारी, एक कमाईच्या उद्योगांकडे लक्ष देणारी आणि एक नळ, गटारे, रस्ते यांकडे पाहणारी. अशा गटांची मिळून प्रभागाची समिती, आणि प्रभागांची मिळून सबंध शहराची संस्था.

काही वर्षांपूर्वी मी तिकडे गेले असता अशा एका गटाच्या बैठकीस बसण्याचा योग आला. रविवारची दुपार होती. आठवड्याची बचत गोळा झाली, वहीत नोंदली गेली, मग कोणाला कर्ज द्यावयाचे यावर बराच वाद झाला. मला भाषा येत नाही. शेजारी बसलेली एक शिक्षिका मला थोडक्यात सांगत होती. एका बाईने छपरासाठी पैसे मागितले होते. दुसरी म्हणाली, छप्पर पावसाळ्याआधी झाले पाहिजे हे खरे, पण हिच्या मुलीचे औषध आधी. आणि तसेच ठरले. कचेरीत बसलेल्या कोणत्या अधिकाऱ्याला हा क्रम लावता आला असता? माणूस कितीही सज्जन असला तरी त्याला मुलीचे औषध माहीतच नसते.

गटाने आपल्या गरजा लिहावयाच्या, प्रभागाने त्या जुळवावयाच्या, आणि शहराच्या संस्थेने त्यांची एक योजना करून नगरपालिकेपुढे ठेवावयाची, अशी ही चढती रीत आहे. 1994 साली ती मलप्पुरम जिल्ह्यात गेली, आणि 17 मे 1998 रोजी तिथेच पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते 'कुटुंबश्री' या नावाने सबंध राज्यासाठी तिचे उद्घाटन झाले.

पण नुसत्या बैठकांनी पोट भरत नाही. गरजांची यादी कितीही चांगली केली आणि पैसा राजधानीतच राहिला, तर ती यादी म्हणजे एक अर्जच. केरळात या कामाला बळ आले ते 1996 साली. त्या वर्षी तिथल्या सरकारने 'लोकयोजना' मोहीम काढली आणि राज्याच्या योजनेवरील खर्चापैकी 35 ते 40 टक्के रक्कम ग्रामपंचायतींपासून नगरपालिकांपर्यंतच्या स्थानिक संस्थांच्या हवाली करण्याचे ठरवले. आणि त्या रकमेतला निदान दहावा हिस्सा स्त्रियांच्या योजनांसाठी. माझ्या मते सगळे मर्म या दोन आकड्यांत आहे.

तिथे सारे आलबेल झाले असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या वर्षी पुष्कळ ठिकाणी सर्वसाधारण कामातलाच काही भाग बायकांच्या नावे मांडून दहा टक्के भरून काढण्यात आले. रस्त्यावरून बायकाही चालतातच, असा तो हिशेब! दिल्लीची दारिद्र्यरेषेची यादी आणि शेजारणींची नऊ प्रश्नांची यादी यांचा मेळ बसेना. एकीत गरीब ठरलेली बाई दुसरीत गरीब नसे. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सरकारच्या प्रत्येक नव्या योजनेचे ओझे या गटांवर येऊन पडू लागले. घरचे काम, बाहेरची मजुरी आणि वर हे बिनपगारी काम. स्त्रियांच्या सेवाभावाचे कौतुक करून त्यांच्याकडून फुकट काम करून घेण्याची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. इथेही एकदा असा प्रकार घडला आहे. 1999 ते 2001 या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, महापालिकेने झोपडपट्ट्यांतून चारशेहून अधिक सामुदायिक संडास बांधून घेतले. पुष्कळसे काम 'स्पार्क' या संस्थेकडे आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या 'महिला मिलन'च्या बायांकडे होते. संडासाचे नाव काढताच नाक मुरडू नका. पूर्वीचे संडास ठेकेदारांनी बांधले आणि ते थोड्याच दिवसांत तुंबले. या बायांना विचारले तेव्हा त्यांनी अशा गोष्टी सांगितल्या की ज्या कोणत्याही इंजिनियरच्या नकाशात नव्हत्या. पुरुष आणि बायकांची रांग एकच असली की पुरुष पुढे घुसतात, म्हणून दोन रांगा वेगळ्या हव्यात. मुलांना मोठी माणसे रांगेतून बाहेर ढकलतात, आणि लहान मूल अंधाऱ्या खोलीत एकटे बसायला भिते, म्हणून मुलांसाठी निराळी, लहान बैठकीची जागा हवी. आणि राखणदाराला तिथेच राहावयास खोली हवी, म्हणजे देखभाल होते. ते सगळे संडास पुढे चांगले राहिले असे नाही. जिथे राखणदार टिकला नाही तिथे परत तीच दशा झाली. तरी बांधकामाआधी बायांना विचारावयाचे असते, एवढे त्यातून दिसून आले.

तुम्ही म्हणाल, याला कायद्याचा आधार आहे काय? आहे, आणि भरपूर आहे. घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. नागरी दारिद्र्य कमी करणे आणि गलिच्छ वस्त्यांची सुधारणा ही कामे तिने नगरपालिकांच्या यादीत घातली. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. परंतु प्रभाग समिती एवढ्या मोठ्या भागाची असते की तिच्यात गल्लीचा आवाज पोहोचत नाही. त्याहून खालच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात झाली, ती बहुतेक कागदावरच राहिली. आणि 2022 साली मुदत संपल्यावर पुण्यामुंबईच्या महापालिकांत तर कित्येक वर्षे निवडून आलेला एकही सभासद नव्हता. प्रशासकच कारभार पाहत होते. निम्म्या जागा आमच्या खऱ्या, पण सभागृहालाच कुलूप!

पुण्याच्या महापालिकेने 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू केली, ही चांगली गोष्ट. मात्र अर्ज करावयास सवड लागते, लिहिण्याची सवय लागते. म्हणून ज्यांच्याकडे पदपथ आहे ते त्यावर बाक मागतात, आणि ज्यांच्याकडे नळ नाही त्यांचा अर्जच येत नाही. ह्या दुखण्यावर ब्राझील देशातल्या पोर्तो आलेग्रे या शहराने 1989 पासून एक उपाय केला होता. तिथेही लोकांनी सभांत कामे सुचवावयाची असत. पण पैसे वाटताना भागातल्या लोकांनी पहिली पसंती कशाला दिली एवढेच पाहत नसत. लोकसंख्या किती आणि त्या सोयीची उणीव किती, यांचेही गुण धरीत. ज्या वस्तीत गटार नाही तिच्या गटाराला आपोआप अधिक वजन येई. पुढे 2017 साली तिथल्या नव्या नगराध्यक्षांच्या कारकीर्दीत हा क्रम थांबवण्यात आला. पंचवीसाहून अधिक वर्षे चाललेली रीतही एका निर्णयाने थांबू शकते, हे आपणही ध्यानात ठेवावे.

आता मंडळाविषयी. महापालिकेने महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के रक्कम ठेवावयाची असते हे पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. ती बहुधा शिवणयंत्रे आणि शिकवणीवर्ग यांत जाते. शिवणयंत्राविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझ्या आईने शिवणावरच आम्हा भावंडांची शिक्षणे केली. पण ते यंत्र हवे असे कोणी सांगितले, हा माझा प्रश्न आहे. आपल्या सभागृहामागे वस्ती आहे. तिथल्या बाया आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी रोज येतात. आज मात्र या सभेत त्या नाहीत. नवांचे प्रश्न घेऊन आपण त्यांच्या घरी पाहणीला जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. यादी त्यांनीच करावी. आपण कागद पुरवावे, अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी, आणि क्षेत्रीय कार्यालयात त्यांच्याबरोबर जावे. कारण आपल्याला तिथे खुर्ची मिळते आणि त्यांना उभे ठेवतात, हे सत्य आहे.

अंदाजपत्रकाचे अर्ज बहुधा पावसाळा सरता सरता घेतात, म्हणून सभा त्याआधी झाली पाहिजे. चिटणीसबाईंना आणखी एक सुचवते. आपली नेहमीची वेळ दुपारी चारची आहे. त्या वेळी ह्या बाया आपल्याच घरी भांडी घासत असतात. सभा रात्री आठनंतर ठेवावी, आणि दिवा व चटई मंडळाने द्यावी.