रुग्णालयाचा उंबरठा



८ जुलै १९९२ रोजी रात्री पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा झाली. एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी त्यास परत पाठविले. कोठे खाट रिकामी नव्हती, कोठे उपचाराची सोय नव्हती. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनास २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शासकीय रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरला. निधीची चणचण ही सबब मान्य झाली नाही.

परंतु दार उघडले म्हणजे कर्तव्य संपले काय? न धुतलेल्या हातांनी बांधलेली पट्टी जखम चिघळविते. बरा होण्यास आलेला रुग्ण नवा आजार घेऊन घरी जातो. शासकीय रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये केंद्राची ‘कायाकल्प’ पुरस्कार योजना आली.

तथापि, पुरस्काराने फरशी पुसली जात नाही. जखमीस नेणाऱ्याने उपचाराचा आग्रह धरावा. भेटीस जाणाऱ्याने हात धुवावेत, जिन्यात थुंकू नये. उपचाराचा हक्क न्यायालयाने सांगितला. स्वच्छतेचा संस्कार रुग्णालय आणि समाज या दोघांनाही जोपासावा लागेल.