केबलच्या तारेपासून कॉम्प्युटरपर्यंत



मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावांत हल्ली बऱ्याच ठिकाणी टीव्हीची केबल देणारेच लोक इंटरनेटही देतात. माणूस येतो, खांबावरून तार घरात घेतो, भिंतीवर डबा बसवतो, कुणाच्या तरी मोबाइलवर वायफाय लावून दाखवतो आणि पुढच्या घरी निघून जातो. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर तसाच राहतो. खरी नड तर त्याचीच असते. मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचा परीक्षेचा फॉर्म, सातबारा, पीकविम्याची कागदपत्रं ही कामं मोबाइलच्या पडद्यावर डोळे ताणून करण्यापेक्षा कॉम्प्युटरवर कितीतरी सोपी जातात. तो जोडायला कुणाची वाट पाहायची गरज नाही. तुम्हाला ते घरच्या घरी जमेल, आणि बिघाड झाला तर तो घरात आहे की बाहेर, हेही ओळखता येईल.

आधी घरात आलेली तार नीट बघा. ती पेन्सिलीएवढी जाड, काळी किंवा पांढरी, मधोमध तांब्याची एकच कांडी आणि टोकाला आटे पाडलेली पिन, अशी असेल, तर ती टीव्हीची जुनी कोॲक्सियल केबल. मुंबई-पुण्यात केबल कंपन्यांनी सुरुवातीला इंटरनेट दिलं ते हिच्यावरूनच. एकाच तारेतून टीव्हीचे चॅनल आणि इंटरनेट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जातात, आणि त्यातलं इंटरनेट वेगळं काढून घेतो तो केबल मोडेम. 1997 साली त्यासाठी डॉक्सिस नावाचं मानक ठरलं, त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आजही चालतात. या तारेचा शत्रू म्हणजे स्प्लिटर. एका तारेच्या दोन करणारी ती छोटी डबी सिग्नलची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणते. दोन टीव्ही आणि मग मोडेम अशी रांग लावली, तर मोडेमपर्यंत उरलंसुरलं पोचतं. म्हणून घरात तार शिरल्यावर पहिल्याच फाट्यावर मोडेम घ्या, टीव्ही त्याच्यानंतर. पिन बोटांनी घट्ट बसवा, मधली कांडी वाकलेली नाही ना, तेवढं पाहा.

तार बारीक असेल आणि टोकाला चौकोनी, बहुतेक वेळा हिरवी पिन असेल, तर ती काचेची तार, म्हणजे फायबर. नव्या जोडण्या आता बहुतेक याच असतात. आतली काच केसाएवढी असते आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. घराकडे येणारा डेटा 1490 नॅनोमीटरच्या प्रकाशावर, घरातून जाणारा 1310 वर, आणि त्याच काचेतून टीव्ही द्यायचा असेल तर तो 1550 वर. तिन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. ही तार कपाटामागे दुमडू नका, खिळ्याला करकचून बांधू नका. अरुंद वळणावर प्रकाश बाहेर गळतो. पिनेच्या टोकाला बोट लावू नका, आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नका. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलं असलेल्या घरात हे मुद्दाम सांगून ठेवा. हिरव्या पिनेचं टोक तिरकं कापलेलं असतं, निळीचं सरळ. एकीच्या जागी दुसरी बसवली तर आत जाईल, पण सिग्नल पडेल.

आता डबा. फायबरच्या डब्याचं तांत्रिक नाव ओएनटी, पण बोलताना सगळे मोडेमच म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्यासोबत आलेलाच अडॅप्टर लावा. सहसा तो 12 व्होल्टचा असतो. दुसऱ्या कुठल्या यंत्राचा, पिन बसते म्हणून लावलेला अडॅप्टर मोडेम जाळू शकतो. चालू केल्यावर चार-पाच मिनिटं हात लावू नका. फायबरच्या मोडेमवर ‘पॉन’ हा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोचत नाही: तार तुटली आहे, दुमडली आहे किंवा पिन सैल आहे. कोॲक्सियलच्या मोडेमवर ‘ऑनलाइन’चा दिवा स्थिर व्हायला हवा. हे दिवे ठीक होईपर्यंत कॉम्प्युटरकडे वळूच नका. बाहेरचीच लाइन बंद असताना लोक तासन्‌तास विंडोजच्या सेटिंग बदलत बसतात आणि जे चांगलं चालत होतं तेही बिघडवून ठेवतात.

दिवे ठीक झाले, की मोडेम ते कॉम्प्युटर ही तार. दुकानात लॅन केबल मागा, कॅट 5ई किंवा कॅट 6, शुद्ध तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती लवकर तुटते. ही तार 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत काहीच अडचण नाही. आत आठ तारा असतात. दुकानदाराकडून पिना बसवून घेणार असाल, तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण चारच तारा जोडून देतात. इंटरनेट चालतं, पण वेग 100 मेगाबिटच्या पुढे जात नाही.

एक टोक मोडेमच्या ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत, दुसरं कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. खाचेजवळचे बारीक दिवे लुकलुकले की तार बरोबर. वेगळा राउटर असेल, तर मोडेमकडून येणारी तार त्याच्या ‘वॅन’ खाचेत आणि कॉम्प्युटरची ‘लॅन’मध्ये. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण दोन्ही खाचा दिसायला सारख्याच.

इतकं झालं, की कॉम्प्युटरला मोडेमकडून पत्ता आपोआप मिळतो, तुम्हाला काही टाकावं लागत नाही. तरी पान उघडलं नाही, तर कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर करा, आणि काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहा. आयपीव्ही4 समोरचा आकडा 192.168 ने सुरू झाला, तर सहसा कॉम्प्युटर आणि मोडेम यांची ओळख पटलेली असते, दोष पुढे कुठेतरी आहे. 169.254 दिसलं, तर कॉम्प्युटरला पत्ता मिळालाच नाही. मग मधली तार बदलून बघा. या एका आकड्यावरून दोष कुठल्या बाजूचा, ते बऱ्याचदा कळतं.

काही केबलवाले जोडणी पहिल्या जोडलेल्या यंत्राच्या ओळख-क्रमांकाला बांधून ठेवतात. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. जुना कॉम्प्युटर काढून नवा लावला आणि नेट बंद पडलं, तर मोडेमची वीज काही मिनिटं बंद ठेवून परत लावा. तेवढ्याने झालं नाही, तर केबलवाल्याला नवा क्रमांक कळवावा लागतो. त्याच्याकडचं युजरनेम आणि पासवर्डही पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.

वायफाय आहे, मग तार कशाला, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडच्या जुन्या माळवदांच्या दगड-मातीच्या भिंती हातभर जाड असतात. त्यातून वायफायच्या लहरी फार क्षीण होऊन बाहेर पडतात, त्यातही 5 गिगाहर्ट्झच्या जास्त. पत्र्याची भिंत तर लहरी परतवूनच लावते. परीक्षेचा फॉर्म भरताना ऐन वेळी ‘लोडिंग’ फिरत बसणं परवडत नाही. जो कॉम्प्युटर जागचा हलत नाही, त्याला तारच द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

वेगाबद्दल थोडं. 2004 साली सरकारी धोरणात 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं. आज 40 मेगाबिटची जोडणी साधी समजतात. पण हे मेगाबिट आहेत. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून 40 मेगाबिटवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त 5 मेगाबाइट उतरते. तेवढी उतरत असेल, तर तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. मात्र वेग मोजायचा तो तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरवर.

मृगाच्या आधीपासूनच आपल्याकडे विजा कडाडतात, तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. तांब्याची तार बाहेरून येत असेल, तर तिच्यातून झटका मोडेममध्ये आणि लॅनच्या तारेने थेट कॉम्प्युटरच्या मदरबोर्डात शिरतो. आभाळ गडगडायला लागण्याआधीच विजेचा प्लग, बाहेरून आलेली तार आणि लॅनची पिन, तिन्ही काढा. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे फायबरवाल्यांना बाहेरच्या तारेचा धोका कमी. पण अडॅप्टर त्यांनीही काढायलाच हवा.

लाइट जाण्याचं तसंच. कोॲक्सियलच्या वाटेवर खांबावर ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. त्यामुळे तुमच्या घरात लाइट असून पलीकडच्या गल्लीत नसली, तरी नेट बंद पडू शकतं. घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या वाटेवरचा फाटा सहसा विजेशिवाय चालतो. म्हणून मोडेमसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला आणि कॉम्प्युटरला बॅटरी असली, तर भारनियमनातही काम अडत नाही.

मोडेमला आलेला वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. ‘केबल ऑफिसातून बोलतोय, हे ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करतो’ असा अनोळखी फोन आला, तर काहीही टाकू नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 वर तक्रार नोंदवा.

आणि केबलवाल्याला फोन कराल तेव्हा ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. कुठला दिवा बंद आहे, लाल दिवा आहे का, कॉम्प्युटरवर 192 दिसतं की 169, आणि कधीपासून, हे सांगा. फायबर असेल तर त्याला पॉवर मीटर घेऊनच यायला सांगा. मीटरवर उणे 20 डीबीएमच्या आसपास आकडा आला तर लाइन उत्तम. उणे 27 च्याही खाली गेला, तर खांबापासूनची जोडणी त्याने पुन्हा करून द्यायला हवी. तो आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.