चार पर्यायांतील एक

जबलपूरचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि त्यांच्यामधून शांतपणे वाहणारी नर्मदा दिसू लागते. परंतु प्रवाशाच्या दृष्टीस सहसा न पडणारे दुसरेही एक जबलपूर आहे. ते आहे कारखान्यांचे आणि यंत्रांचे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. त्याच सुमारास, १९४२ साली, तारायंत्र व दूरध्वनी यांचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या जुलैत, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली. पुढे १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना निघाला, आणि २००३ साली पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही याच नगरीत आले. ज्या गावात इतकी यंत्रे आणि इतकी कार्यालये, त्या गावात तांत्रिक नोकरीच्या परीक्षा हा घरोघरच्या बोलण्याचा विषय व्हावा, यात नवल ते काय!

या गावाशी मराठी माणसाचा संबंधही आजकालचा नव्हे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात नांदली. अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती. खुद्द नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले ते १९६० साली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ आणि महाकोशल यांची ताटातूट झाली खरी, परंतु जबलपूरची मराठी घरे जबलपुरातच राहिली. अशा घरातला मुलगा देवघरात मराठी ऐकतो, दारात हिंदी बोलतो आणि परीक्षेला बसतो तो बहुधा इंग्रजीतून.

आणि ही परीक्षा तरी कशी? एके काळी तांत्रिक परीक्षा म्हणजे कोऱ्या कागदांची जाडजूड वही, आकृत्या, सिद्धता आणि पानेच्या पाने गणित, असे चित्र होते. आज विद्यार्थी संगणकासमोर बसतो. पडद्यावर एक प्रश्न येतो. त्याखाली चार उत्तरे असतात. त्यांतील एक खरे, तीन खोटी. पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि कित्येक सरकारी कंपन्यांतील नोकऱ्यांसाठी ज्या ‘गेट’ परीक्षेचे गुण धरतात, तिच्यात तीन तासांत पासष्ट प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांतील बरेचसे याच जातीचे असतात. शंभरांपैकी पंधरा गुण सामान्य क्षमतेचे, म्हणजे इंग्रजीचे ज्ञान आणि तर्कशक्ती यांचे असतात. ही सारी प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. केंद्रीय अभियांत्रिकी सेवेच्या परीक्षेतही २०१६ पर्यंत सामान्य इंग्रजीचे बहुपर्यायी प्रश्न तांत्रिक विषयांच्या जोडीला होते.

हा प्रकार जन्मला अमेरिकेत. फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास कॅन्सस संस्थानात वाचनाची एक चाचणी रचली. तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण अवलंबून राहू नयेत आणि तपासणीत वेळ जाऊ नये, हा तिचा हेतू. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा लक्षावधी रंगरुटांची बुद्धिपरीक्षा घाईने घेणे प्राप्त झाले, आणि ही पद्धती एकदम फोफावली. १९३८ साली उत्तरपत्रिका तपासणारे यंत्रही बाजारात आले. म्हणजे या परीक्षेची जन्मकथा घाईची आहे, तशीच ती न्यायाचीही आहे. यंत्र अक्षराच्या वळणावर भाळत नाही आणि आडनाव वाचत नाही. लहान गावच्या, ओळखपाळख नसलेल्या मुलाला हा निःपक्षपातीपणा लहानसहान आधार नव्हे.

परंतु या पद्धतीने एक गैरसमजही पसरविला आहे. उत्तर समोरच लिहिलेले असते, तेव्हा ते केवळ ओळखावयाचे, अशी समजूत करून घेऊन कित्येक विद्यार्थी प्रश्नसंग्रहांमागून प्रश्नसंग्रह पाठ करीत सुटतात. खरे उत्तर कोणते, एवढेच ते शिकतात. खोटी तीन उत्तरे तेथे कशासाठी आली, याचा विचार करीत नाहीत. वस्तुतः चांगल्या प्रश्नातील खोटी उत्तरे उगाच आलेली नसतात. प्रत्येक खोटे उत्तर म्हणजे विद्यार्थ्यांच्या एखाद्या नेहमीच्या चुकीची मूर्तीच असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. २२० व्होल्टचे दोन दिवे आहेत, एक १०० वॉटचा व दुसरा ६० वॉटचा. ते एकसर जोडणीने २२० व्होल्टच्या पुरवठ्यावर लावले. अधिक प्रकाश कोणता दिवा देईल? पर्याय चार: शंभरचा, साठचा, दोन्ही सारखा, अथवा दोन्ही जळून जातील. घरातल्या अनुभवावर विसंबणारा शंभरच्या दिव्यावर खूण करतो. एकसर जोडणीत प्रवाह सारखाच असतो एवढे आठवणारा, पण तेथेच थांबणारा, ‘दोन्ही सारखा’ म्हणतो. दाब दोघांत विभागला जातो याचा ज्याला विसर पडला, तो चौथ्या पर्यायाला भितो. जो कागदावर चार ओळी लिहितो, त्याला दिसते की शंभरच्या दिव्याचा रोध ४८४ ओहम आणि साठच्या दिव्याचा सुमारे ८०७ ओहम आहे. प्रवाह तोच असल्यामुळे ज्याचा रोध अधिक, त्यात शक्ती अधिक खर्च होते. म्हणून येथे साठचाच दिवा अधिक उजळतो. एका प्रश्नात तीन सापळे आहेत आणि प्रत्येक सापळा अर्धवट ज्ञानाचा आहे. अज्ञानी मनुष्य एखादे वेळी योगायोगाने सुटेल. अर्धवट जाणणारा मात्र नेमका सापडतो!

यावरून अभ्यासाची पहिली रीत आपोआप सिद्ध होते. सराव करताना पर्याय हाताने झाकून ठेवावेत. प्रश्न वाचावा, उत्तर स्वतः काढावे आणि मगच हात उचलावा. आपले उत्तर चारांत सापडले तर ठीक. न सापडले तर पर्यायांकडे पाहून हिशेब वळवू नये, पहिल्यापासून तपासावा. चूक झाली तर ‘उत्तर दुसरे होते’ एवढ्यावर न थांबता ती कोणत्या पायरीवर झाली, हे एका स्वतंत्र वहीत लिहावे. महिन्याभराने ती वही चाळली म्हणजे आढळते की चुका शंभर दिसल्या तरी त्यांची कुळे पाच-सातच असतात: एकके बदलावयाची राहिली, चिन्ह उलटले, ‘नाही’ हा शब्द वाचला गेला नाही, सूत्र कोठे लागू पडत नाही ते ठाऊक नव्हते. कोणत्याही विकतच्या पुस्तकापेक्षा ही वही मोलाची. कारण ती त्याच एका विद्यार्थ्यासाठी लिहिलेली असते.

दुसरी रीत आठवणुकीची. तोच धडा पुनःपुन्हा वाचला म्हणजे तो येतो असे वाटते, परंतु ते वाटणे फसवे असते. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. आपल्याकडे घोकंपट्टीचा उपहास करण्याची चाल आहे. परंतु जुन्या पाठशाळेतला विद्यार्थी पोथी मिटून म्हणून दाखवीत असे, त्यात एक शहाणपण खचितच होते. त्याच्या जोडीला ‘असे का?’ हा प्रश्न मात्र हवा.

आता अंदाजाचा विचार. एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश गुण कापावयाचा, असा नियम बहुपर्यायी प्रश्नांना पुष्कळ ठिकाणी असतो. चारांतून डोळे मिटून एक निवडले, तर दर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. एक गुण मिळतो, एक जातो, हाती शून्य राहते. परंतु चारांपैकी एक पर्याय निश्चितपणे खोटा ठरविता आला, तर दर प्रश्नामागे सरासरीने एक नवमांश गुण लाभतो. दोन खोटे ठरविता आले, तर एक तृतीयांश. म्हणजे या नियमात दैवाला किंमत नाही, पण अपुऱ्या ज्ञानालाही योग्य तेवढी किंमत आहे. पर्याय खोटा ठरविण्याची साधनेही तंत्रशास्त्रातच आहेत. उत्तराचे एकक जुळते काय? रोध शून्य केला, अथवा अनंत केला, तर सूत्र शहाण्यासारखे बोलते काय? यंत्राची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर तर जात नाही ना? कोणताही अनुभवी अभियंता असेच प्रश्न स्वतःला विचारून मोठा हिशेब क्षणात पारखतो.

राहिले इंग्रजी. तांत्रिक विषयात पारंगत असलेली कित्येक मुले येथे अडखळतात, याचे कारण बुद्धीत नसते, भाषांच्या घडणीत असते. मराठीत वाक्याचा शेवट क्रियापदाने होतो आणि इंग्रजीतली ‘अ’, ‘द’ ही उपपदे मराठीला ठाऊकच नाहीत. एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करावयाची, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ घालण्याचा मोह होतो. लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ येते. परीक्षकाचे खोटे पर्याय याच जागी दबा धरून बसलेले असतात. उच्चाराचेही तसेच. मुख्याध्यापक आणि तत्त्व या दोन अर्थांचे दोन निराळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘प्रिन्सिपल’च होतात. हा भेद कानाला कळत नाही, डोळ्यालाच कळतो. म्हणून इंग्रजी ऐकून भागत नाही, ते वाचावे लागते. तांत्रिक विद्यार्थ्याने यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या चांगल्या इंग्रजी पुस्तकातील एक परिच्छेद रोज वाचावा. पुस्तक मिटून त्यातील मुद्दा तीन वाक्यांत लिहावा. मग मूळ वाक्यांशी तो ताडून पाहावा. विषय परिचित असल्यामुळे अर्थाचा भार हलका होतो आणि सारे लक्ष रचनेकडे देता येते.

आणि जबलपूरच्या मराठी विद्यार्थ्याजवळ तर याविषयीचे एक भांडवल जन्मजात आहे. ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. ‘चेष्टा’ म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठी ‘राजीनामा’ नोकरी सोडण्याचा, हिंदी ‘राजीनामा’ तडजोडीचा. सारख्या चेहऱ्याचे शब्द निराळ्या मनाचे असतात, हा धडा त्याने अंगणातच गिरविलेला असतो. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणे हा अडथळा नव्हे. जागरूक राहिले तर बहुपर्यायी परीक्षेला लागणारी दृष्टी, सारख्यातला फरक टिपणारी दृष्टी, तेथेच तयार होते.

येथवर विद्यार्थ्याचे कर्तव्य झाले. समाजाचे काय? अभियांत्रिकीच्या प्रवेशाची जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांतून होऊ लागली, आणि २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून पदवी अभ्यासक्रम चालविण्यास अनुमती दिली. दार उघडले, ही आनंदाची गोष्ट. परंतु ज्या दारातून मुलगा मातृभाषेत आत गेला, त्याच्या पलीकडचे दार पुन्हा इंग्रजीचेच असेल, तर मधल्या चार वर्षांत त्याला इंग्रजी वाचण्याची शिदोरी कोण देणार? मातृभाषेत संकल्पना पक्की करावी आणि इंग्रजीत ती वाचण्याची शक्तीही द्यावी, ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. त्यांतील एक टाळणे हा विद्यार्थ्यावर अन्याय होय. आणि हा अन्याय वर्षांत मोजावा लागतो: बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर एका परीक्षेतून दुसऱ्या परीक्षेत जात राहतो, घरची मंडळी धीर धरून असतात, आणि वय कोणासाठी थांबत नाही.

म्हणूनच अभ्यास असा असावा, की निकाल काहीही लागला तरी त्यातले काही वाया जाऊ नये. पाठ केलेल्या खुणा परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतात. समजून घेतलेला रोहित्राचा सिद्धांत कारखान्यात, रेल्वेच्या कर्मशाळेत, अथवा स्वतःच्या लहानशा दुकानातही उपयोगी पडतो. बिघडलेले यंत्र अभियंत्यासमोर येते तेव्हा आपल्या दुखण्याची चार नावे घेऊन येत नाही. संभाव्य कारणे त्यालाच सुचवावी लागतात, खोटी एकेक करून वगळावी लागतात आणि उरलेल्या एकाची जबाबदारी घ्यावी लागते. परीक्षेची तयारी करताना ज्याने पर्याय झाकून विचार करण्याची सवय लावून घेतली, त्याला हे काम परके वाटणार नाही.